नवशब्दाची क्रीडा आणि ऐकणाऱ्याचा अधिकार

महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात पतंजलीने एक विनोद केला आहे. त्याचे तात्पर्य सांगणारे पुष्कळ आहेत. तो विनोद म्हणून वाचणारे थोडे. ज्याला घट हवा असतो तो कुंभाराच्या घरी जातो आणि मला घट करून दे म्हणून सांगतो. ज्याला शब्द वापरायचे असतात तो मात्र वैयाकरणाच्या घरी जाऊन, शब्द करून दे, मी ते वापरणार आहे, असे सांगत नाही. पतंजलीला येथे शब्द, अर्थ आणि त्यांचा परस्परसंबंध हे सिद्ध आहेत, कोणी घडवलेले नाहीत, एवढेच दाखवायचे आहे. व्याकरण शब्द निर्माण करीत नाही, रूढ शब्दांचे साधुत्व तेवढे सांगते.

गंमत अशी की, ज्या वैयाकरणाच्या दारी शब्द मागायला कोणी जात नाही त्याच्याच घरात शब्दांचा एक लहानसा कारखाना चालू होता. टि, घु, भ, घ या पाणिनीच्या संज्ञा कोणत्याही लोकव्यवहारातून आलेल्या नाहीत. त्यांना व्युत्पत्ती नाही, पूर्वपरंपरेचा आधारही बेताचाच. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो अशी थट्टा वैयाकरणांच्याच वर्तुळात चालत आली आहे. त्या आनंदाची ही अपत्ये. म्हणजे शब्द सिद्धच असतात असे म्हणणाऱ्या परंपरेने आपल्यापुरते शब्द मनमुराद घडवून घेतले, आणि ते घडवलेले आहेत हे कधी लपवलेही नाही.

नव्याने, आणि विशेषतः गमतीने, घडवलेल्या शब्दाचे काय करायचे हा प्रश्न महाभाष्यकारालाही टाळता आलेला नाही. वर्णसमाम्नायात ऌकार कशासाठी ठेवायचा, याची चर्चा करताना तो ऌतक नावाच्या एका माणसाला पुढे आणतो. कोणीतरी स्वैरपणे आपल्या मुलाचे नाव ऌतक ठेवले. आता त्याला दही किंवा मध द्यायचा म्हटले तर त्या नावापुढे संधिकार्य व्हावे की नाही? एका माणसाच्या लहरी नावासाठी वर्णमालेत एक वर्ण राखून ठेवायचा का, असा हा प्रश्न आहे. याच ठिकाणी शब्दांचे चार वर्ग सांगितले आहेत: जातिशब्द, गुणशब्द, क्रियाशब्द आणि यदृच्छाशब्द. आणि लगेच प्रतिपक्ष येतो की वर्ग तीनच आहेत, यदृच्छाशब्द नाहीतच. ऌतक हा ऋतक या न्याय्य शब्दाचा बिघडलेला उच्चार आहे. पुढच्या आलंकारिकांनी चार वर्गांची मांडणी उचलली आणि यदृच्छाशब्दाचे उदाहरण म्हणून 'डित्थ' हा शब्द कायमचा रूढ केला. डित्थ म्हणजे कोण, कसा, कुठला, याचा पत्ता नाही. शास्त्रग्रंथांतून हजारभर वर्षे वावरूनही ज्याला काहीच अर्थ चिकटला नाही असा हा बहुधा एकमेव गृहस्थ असावा.

यदृच्छा म्हणजे वक्त्याची इच्छा. या इच्छेला कितपत मान द्यायचा, हा वरवर व्याकरणाचा वाटणारा प्रश्न मुळात नैतिक आहे. नैयायिकांनी तो अधिक नेमकेपणाने मांडला. शब्दाची शक्ती म्हणजे ईश्वराची इच्छा, असे प्राचीन मत. मग आज जन्मलेल्या मुलाच्या नावाला शक्ती कोठून आली? विश्वनाथाच्या सिद्धान्तमुक्तावलीत याचे उत्तर मिळते: पित्याने अकराव्या दिवशी नाव ठेवावे असे शास्त्र सांगते, म्हणून त्या नावामागेही ईश्वरेच्छा आहे, परंतु याव्यतिरिक्त आधुनिक माणसाने केलेल्या संकेताला शक्ती नाही. नव्यांनी हे बंधन काढून टाकले. त्यांच्या मते केवळ इच्छा हीच शक्ती होय, ती ईश्वराचीच असली पाहिजे असे नाही. म्हणून आज कोणी केलेल्या संकेतालाही शक्ती असते.

नव्यांचे हे मत स्वातंत्र्याची सनदच वाटावे असे आहे. पण त्या इच्छेचे स्वरूप ज्या वाक्याने सांगितले जाते ते लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. 'या शब्दापासून हा अर्थ कळला जावा' अशी ती इच्छा आहे. 'या शब्दाचा हा अर्थ असो' असे ते वाक्य नाही. अर्थ कोणाला तरी कळायचा आहे; म्हणजे इच्छा करणाऱ्याच्या इच्छेतच ऐकणारा येऊन बसला आहे. ल्युइस कॅरलच्या 'थ्रू द लुकिंग ग्लास' (१८७१) या पुस्तकातला भिंतीवर बसलेला हम्प्टी डम्प्टी ॲलिसला ऐकवतो की आपण वापरलेल्या शब्दाचा अर्थ आपण ठरवू तोच, प्रश्न एवढाच की धनी कोण. हा प्रथमदर्शनी नव्यन्यायाचा विलायती पाठीराखा वाटेल. वस्तुतः तो उलट टोकाला आहे. त्याच्या इच्छेत ॲलिस कोठेच नाही. आणि मौजेची गोष्ट अशी की, तोच हम्प्टी डम्प्टी थोड्या वेळाने एका अगम्य कवितेतील शब्द ॲलिसला उलगडून सांगतो तेव्हा त्याला तिच्या ओळखीच्या शब्दांकडेच यावे लागते: हा शब्द म्हणजे ते दोन शब्द एकात घडी घातलेले. धनीपणा तेथे गळून पडतो आणि खेळ सुरू होतो.

नवा शब्द घडवण्याचा अधिकार सर्वांना आहे, याबद्दल आज फारसा वाद नाही. परंतु त्या घडणीत ऐकणाऱ्याचा अधिकार कोणता, याचा विचार मराठीत तरी अभावानेच झाला आहे. भाषाशुद्धीच्या वादात शब्द कोठून आला हे विचारले गेले, परिभाषेच्या वादात तो सुबोध आहे का हे विचारले गेले. शब्द करणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे नाते काय, हा प्रश्न दोन्हीकडे बाजूलाच राहिला.

या नात्याचा शोध कोशांतून नव्हे, अंगणातून सुरू करणे योग्य होईल. मराठी बोलणारा प्रत्येक माणूस दिवसातून अनेकदा शब्द घडवतो आणि त्याचे त्याला भान नसते. चहाबिहा, पुस्तकबिस्तक, घरबिर, लग्नबिग्न. यातील 'बिहा' आणि 'बिस्तक' कोणत्याही कोशात नाहीत आणि असण्याची गरज नाही. हे अर्थहीन प्रतिध्वनी मूळ शब्दाची कड किंचित धूसर करतात: चहा आणि त्यासारखे जे काही असेल ते. क्वचित ते मूळ शब्दाचा तोराही उतरवतात. 'तत्त्वज्ञानबित्त्वज्ञान' असे म्हणणाऱ्याने तत्त्वज्ञानाचे खंडन केलेले नसते, पण त्याचा फेटा जरा वाकडा केलेला असतो. ही क्रीडा व्याकरणाचाच भाग आहे. तिला प्रतिभा लागत नाही, आणि ऐकणाराही तत्क्षणी तशीच घडण करून उत्तर देऊ शकतो.

मुलांच्या खेळांत ही गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. कोणावर राज्य येणार हे ठरवताना मुले गोल उभी राहतात आणि 'अडम् तडम्' सारख्या निरर्थक अक्षरांनी एकेकाला मोजत जातात. ही अक्षरे निरर्थक का असावीत, याचा विचार केला तर एक लक्षणीय गोष्ट हाती लागते. त्यांना अर्थ असता तर अर्थाला धरून वाद झाला असता. कोणाचे नाव, कोणाचे घर, कोणाची उंची मध्ये आली असती. अर्थ नसल्यामुळेच ती निःपक्षपाती आहेत. निरर्थक शब्द येथे न्यायासनावर बसलेला असतो आणि त्याचा निवाडा सगळे मानतात. ज्याच्यावर डाव येतो त्याच्यावर 'राज्य' आले असे मराठी मुले म्हणतात, हेही या ओघात नोंदवण्यासारखे आहे. राज्य ही मिळवण्याची नव्हे, अंगावर येणारी आणि लवकरात लवकर दुसऱ्यावर ढकलण्याची वस्तू आहे, असा राज्यशास्त्राला अपरिचित अर्थ मुलांनी या शब्दाला दिला आहे.

याच खेळांत 'लिंबूटिंबू' नावाचा एक खेळाडू असतो. धाकटे भावंड, पळता न येणारे, पकडले तरी बाद न होणारे. त्याला कोठे 'कच्चा लिंबू' म्हणतात. 'टिंबू'ला अर्थ नाही. तो लिंबूचा लाडिक प्रतिध्वनी आहे. पण या शब्दाने केवढी व्यवस्था उभी केली आहे. ज्याला नियम पाळता येत नाहीत त्याला खेळाबाहेर काढायचे नाही आणि नियमही मोडायचे नाहीत, या पेचातून मुलांनी एका शब्दाने वाट काढली. हा शब्द नसता तर ते मूल पायरीवर बसून राहिले असते. ते पळते, ओरडते, पकडले गेल्याचा आनंदही घेते. अर्थात त्याला एक दिवस हा शब्द नकोसा होतो. 'मी लिंबूटिंबू नाही' असे ते बजावते, आणि बहुधा त्याचे म्हणणे मान्य होते. ज्याला शब्द लावला त्याला तो उतरवून ठेवता येतो, ही या क्रीडेची मोठी खूण आहे.

वाङ्मयातील शब्दक्रीडेकडे या दृष्टीने पाहिले तर तिचे एक वैशिष्ट्य नजरेत भरते. क्रीडाशब्द आपला सांधा उघडा ठेवतो. सुकुमार राय यांच्या 'आबोल ताबोल' (१९२३) या बंगाली संग्रहात हाँस म्हणजे बदक आणि सजारू म्हणजे साळिंदर यांचा मिळून 'हाँसजारू' होतो. बदक कोठे संपले आणि साळिंदर कोठे सुरू झाले हे बालवाचकाला स्पष्ट दिसते, आणि तेच पाहण्यात त्याची मौज असते. मराठीत विंदा करंदीकरांनी आपल्या एका संग्रहाला 'विरूपिका' (१९८१) हे नाव दिले. विरूपाला त्यांनी संस्कृत शास्त्रात शोभेलसा प्रत्यय लावला आणि एक काव्यप्रकारच उभा केला; पण शास्त्रीय वाटणारा हा प्रत्यय मुद्दाम लावलेला आहे हे त्या शब्दाच्या चेहऱ्यावर लिहिलेले आहे. 'वात्रटिका' या शब्दात तर नाटिकेचे वस्त्र वात्रटाला नेसवले आहे, आणि ते अंगाला नीट बसत नाही यातच शोभा आहे. नव्वदच्या दशकात चंद्रशेखर गोखले यांच्या 'मी माझा'नंतर घरोघर पोचलेला 'चारोळी' हा शब्द याहून सोपा: चार ओळी, आणि श्रीखंडावर पेरण्याची ती चारोळी. या कवितांच्या गुणवत्तेविषयी मतभेद असू शकतात, शब्दाविषयी नसावेत. समीक्षकांनी अनेक वर्षे खपून काढलेल्या संज्ञांपैकी फार थोड्या इतक्या सहजपणे लोकांच्या तोंडी बसल्या.

'एटू लोकांचा देश' (१९६३) हे करंदीकरांचे बालकवितांचे पुस्तक याहून वेगळ्या टोकाचे. 'एटू'ला सांधाच नाही. ते शुद्ध यदृच्छापद आहे, डित्थाचे मराठी नातवंड. परंतु लोक आणि देश हे दोन भारदस्त शब्द त्याच्या शेजारी उभे राहताच त्याला नागरिकत्व मिळते. वाचक विचारीत नाही की एटू म्हणजे काय. तो विचारतो की एटू कसे राहतात. शीर्षकातील षष्ठीने संकेताची इच्छा प्रकट केली आणि बालवाचकाने ती मान्य केली. अमान्य करायलाही तो मोकळा होता. मूल हसले नाही तर 'एटू' तेथेच विरून जातो, आणि कवीजवळ त्यावर अपील नाही.

क्रीडाशब्दाचे हे जे दुबळेपण, त्यातच त्याची नीती आहे असे म्हणावे लागेल. तो आज्ञा करू शकत नाही. ऐकणाऱ्याच्या संमतीवाचून त्याला क्षणभरही जगता येत नाही, आणि ही संमती हसण्याच्या किंवा उत्तरादाखल दुसरा शब्द घडवण्याच्या रूपाने मिळते.

येथे कोणी असे म्हणेल की हा क्रीडेचा फारच भोळा गौरव झाला. आक्षेप खरा आहे. खेळ म्हणून घडवलेले शब्द माणसाला आयुष्यभर सोलत राहतात, हे शाळेत गेलेल्या कोणालाही ठाऊक असते. लंगडणाऱ्याचे, तोतरे बोलणाऱ्याचे, काळ्या रंगाच्या मुलीचे नाव पाडताना वर्गातील कल्पकता जशी बहरते तशी निबंधाच्या तासाला बहरत नाही. ही नावे अनेकदा शब्दकला म्हणून उत्तमही असतात, आणि म्हणूनच ती चिकटतात. मराठीने या बाबतीत मोठा सूक्ष्म विवेक करून ठेवला आहे. नाव ठेवणे, नाव पाडणे आणि नावे ठेवणे या तीन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीत बारसे आहे, दुसरीत टवाळी, तिसरीत निंदा. आणि पहिलीपासून तिसरीपर्यंत जाण्यास एक अनुस्वारही लागत नाही, केवळ नावाचे अनेकवचन पुरते. मुक्तावलीने पित्याच्या नामकरणाला शास्त्राचा आधार दिला आणि इतरांच्या संकेतांना तो नाकारला. हा भेद तर्काच्या दृष्टीने लंगडा म्हणून नव्यांनी टाकून दिला असला, तरी ज्याचे नाव पाडले गेले त्याला तो मोलाचा वाटला असता.

कवींनी स्वतःच घेतलेली टोपणनावे या प्रकारात येत नाहीत. गोविंदाग्रज किंवा कुसुमाग्रज या नावांत तर कवी आपल्या भावंडाच्या आड उभा राहिला आहे. स्वतःचे नाव स्वतः घडवणे आणि दुसऱ्याचे नाव पाडणे या दोहोंना मराठीत 'टोपणनाव' हा एकच शब्द असणे ही उणीवच म्हटली पाहिजे.

खेळ कोठे संपतो आणि इजा कोठे सुरू होते, याचा निकष शब्दात सापडत नाही. मराठीतील '-या' हा प्रत्यय पाहावा. प्रकाशचा पक्या, बाळूचा बाळ्या. मित्रामित्रांत हा प्रत्यय सलगीचा आहे, आणि मोठेपणी कोणी त्या रूपाने हाक मारली तर डोळे पाणावतात. पण गावगाड्यात साठी उलटलेल्या नामा नावाच्या बलुतेदाराला वाड्याच्या ओट्यावरून 'नाम्या' अशी हाक मारली जाई. मारणारा कधी दहा वर्षांचा मुलगाही असे. प्रत्यय तोच, घडण तीच, उच्चारही तोच. फरक इतकाच की पक्या म्हणणाऱ्याला प्रकाश 'सद्या' म्हणू शकत होता आणि नामा काहीच म्हणू शकत नव्हता. दलित आत्मकथनांच्या वाचकाला हे निराळे सांगावे लागत नाही. परतफेड शक्य असेल तेथवर खेळ. ती शक्यता संपली की त्याच अक्षरांचे हत्यार होते. हा भेद व्याकरणाला दिसत नाही, तो ओट्याच्या उंचीत असतो.

या निकषाने पाहिले असता मराठीतील शब्दनिर्मितीचा शासकीय इतिहास निराळाच दिसू लागतो. शिवकालातील राज्यव्यवहारकोशाने पेशवा, मुजुमदार, डबीर यांना मुख्यप्रधान, अमात्य, सुमंत केले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. तिच्यामागील राजकीय भूमिकेशी ज्यांचे मुळीच जमत नाही तेही आज दिनांक, क्रमांक, महापौर हे शब्द बिनदिक्कत वापरतात. फाउंटनपेनला सुचवलेला 'झरणी' मात्र मेला. वास्तविक त्यात थोडी गंमत होती. कायद्यासाठी त्यांनी वापरलेला 'निर्बंध' जगला, पण लोकांनी त्याचा अर्थ बंदी असा करून घेतला. फारसी शब्दांच्या प्रेमात पडून कविता लिहिणाऱ्या माधव जूलियनांनी फारसी-मराठी कोश रचला (१९२५) आणि पुढे 'भाषाशुद्धि-विवेक' (१९३८) लिहिला. एकाच माणसाच्या हातून हे दोन ग्रंथ व्हावेत, यावरून या वादातील माणसे शब्दांवर किती जीव टाकणारी होती ते कळते. या सर्वांच्या मागे सूचना होती, आग्रह होता, सक्ती नव्हती. ज्याला झरणी नको त्याने फाउंटनपेन म्हणावे.

आगगाडीचे उदाहरण या संदर्भात पुनःपुन्हा दिले जाते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. या वाहनाला 'अग्निरथ' म्हणणारेही निघाले, परंतु बोलण्यात राहिली ती आगगाडी, आणि मुलांसाठी झुकझुकगाडी. मोटरसायकलची फटफटी अशीच झाली. अग्निरथ आणि आगगाडी यांचा अर्थ एकच, घडण एकच. पहिल्यात शब्द करणारा उंच आसनावर बसलेला दिसतो, दुसऱ्यात तो रुळांच्या कडेला सगळ्यांबरोबर उभा आहे. पुढे लोकांनी या आसनाचीच थट्टा केली. सिग्नलसाठी 'अग्निरथगमनागमनदर्शक' अशा सुरुवातीचे मैलभर लांबीचे समास रचले गेले, नेकटायचा 'कंठलंगोट' झाला. हे शब्द कोणत्याही समितीने केलेले नाहीत. समित्यांना लोकांनी दिलेली ती उत्तरे आहेत. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालयाने पदनाम कोश सिद्ध केला तेव्हा त्याला 'बदनाम कोश' म्हटले गेले. पकाराचा बकार झाला, अघोष वर्ण सघोष झाला, इतकेच. जिल्हाधिकारी, लिपिक, अधीक्षक हे कार्यालयीन शब्द या थट्टेनंतरही टिकले आणि आज त्यांत कोणाला काही हास्यास्पद वाटत नाही. हसून झाल्यावर स्वीकारलेला शब्द आणि हसण्याची मुभाच नसलेला शब्द यांत अंतर आहे.

समीक्षेचा विषय येथे टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. देरिदाने १९६८ सालच्या व्याख्यानात फ्रेंच शब्दातील एक स्वर असा बदलला की तो फेरफार कानाला कळू नये, डोळ्यांना मात्र दिसावा. ही निखळ शब्दक्रीडा होती; उच्चारावर विसंबणाऱ्या विचाराला उच्चारात न सापडणाऱ्या अक्षराने काढलेला चिमटा. तो शब्द जगभरच्या विद्यापीठांतून फिरून आला तोवर त्यातील हसू पार आटले होते. मराठीत आलेली 'विरचना' आणि तिच्या आगेमागे आलेल्या संज्ञा यांच्या वाट्याला तर ते हसू मुळातच आले नाही. मूळ लेखकाने जेथे डोळा मिचकावला तेथे मराठी समीक्षक गंभीर मुद्रेने पारिभाषिक संज्ञा लिहितो, आणि न कळणाऱ्या वाचकाला आपणच उणे आहोत असे वाटू देतो. हम्प्टी डम्प्टीची भिंत विद्यापीठांच्या आवारातही आहे. मराठी समीक्षेला खेळता येत नाही असे मात्र नव्हे: 'टीकास्वयंवर' (१९९०) हे नेमाडे यांच्या ग्रंथाचे नाव याची साक्ष देईल.

तरीही समीक्षकाच्या दुर्बोध संज्ञेने फार तर वाचक दुरावतो, कोणी उपाशी राहत नाही. शब्दाच्या घडणीने जेथे पोटाचा प्रश्न पडतो ते उदाहरण महाराष्ट्राच्याच विधिमंडळात आहे. १९६३ साली, म्हणजे 'एटू लोकांचा देश' आणि 'कोसला' ही पुस्तके निघाली त्याच साली, राज्याने एक अधिनियम केला. राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढून टाकणे आणि त्याच्या जागी 'स्कॅर्सिटी' घालणे, हाच त्या अधिनियमाचा विषय. दुष्काळ गेला, टंचाई आली. यामागे काहीच युक्तिवाद नव्हता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अन्नावाचून माणसे मरण्यापूर्वीच आता शासन मदतीला धावते, तेव्हा ब्रिटिश अमदानीतील त्या भीषण शब्दाला जागा उरलेली नाही, अशी ती भूमिका होती. तिच्यात नव्या राज्याचा आत्मविश्वासही होता. परंतु शब्द बदलून वस्तू बदलल्याचे जाहीर करण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला, हा प्रश्न उरतोच. ज्यांच्या शेतात पाऊस पडत नव्हता त्यांना विचारून हा शब्द केलेला नव्हता.

टंचाई हा शब्द तसा निरपराध आहे. साखरेची टंचाई असते, रॉकेलची असते, सुट्या पैशांची असते. ती वस्तूची असते. दुष्काळ हा काळाचा गुण आहे. तो माणसे, गुरे, झाडे, लग्ने, शाळा या सर्वांवर एकदम पडतो. पहिल्या शब्दात भरून काढण्याजोगी उणीव आहे, दुसऱ्यात आपत्ती. एकाच्या जागी दुसरा ठेवताना 'या शब्दापासून हा अर्थ कळला जावा' ही संकेताची इच्छा उलटी फिरली आहे: या शब्दापासून तो अर्थ कळला जाऊ नये. नैयायिकांनी अशा उलट्या शक्तीची कल्पना केलेली नाही. पुढे शासकीय कागदांतून 'टंचाईसदृश परिस्थिती' असा प्रयोगही रुळला. अलंकारशास्त्राच्या अभ्यासकाने त्याकडे अवश्य लक्ष द्यावे. सदृश हा उपमावाचक शब्द, टंचाई हे उपमान, आणि उपमेय? ज्याला टंचाईसारखे म्हटले आहे ते नेमके काय, हे कोठेच सांगितलेले नसते. लुप्तोपमेचे इतके व्यवहारोपयोगी उदाहरण मम्मटालाही सापडले नसते.

हा शब्द क्रीडाशब्दाच्या नेमका विरुद्ध दिशेला उभा आहे. 'हाँसजारू' आपला सांधा दाखवतो, हा तो झाकतो. 'एटू'ला नाकारायला मूल मोकळे असते. या शब्दाला नाकारले तर मदतीच्या यादीत नाव येत नाही, कारण अर्ज त्याच शब्दात करावा लागतो. आणि 'लिंबूटिंबू' ज्याला दुबळा आहे म्हणून आत घेतो, त्याला हा शब्द मोजणीच्या कसोटीवर बाहेर ठेवू शकतो. तो घडवणारे दुष्ट होते असे मानण्याचे कारण नाही. भिंतीवर बसलेल्याला खालचे बोलणे नीट ऐकू येत नाही, एवढेच.

अधिनियमानंतर नऊ वर्षांनी, १९७२ साली, महाराष्ट्रात पाऊस गेला. मराठवाड्यात, नगर-सोलापूरकडे माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर गेली. त्याच काळात रोजगार हमी योजना सुरू झाली, तिचे 'रोहयो' झाले. परदेशातून आलेला लाल मिलो लोकांनी खाल्ला, कामावर वाटल्या जाणाऱ्या कोरड्या खाऊचे 'सुकडी' हे नाव घरोघर पोचले. त्या पिढीतील माणसे अजूनही आपले आणि मुलांचे वय त्या वर्षापासून मोजतात. त्या वर्षाला ती 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतात. 'बहात्तरची टंचाई' असे म्हणताना कोणी ऐकलेले नाही.